मोर्वाँत पाच दिवस सायकलवर: रस्ते अव्वल, ट्यूब मात्र चुकीची

फ्रान्समधल्या मोर्वाँ भागातल्या आमच्या सायकल सहलीच्या पैशांचं आधी सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. पाच रात्रींचा मुक्काम, रोजचा नाश्ता, तीन रात्रींचं जेवण, बॅगा पुढच्या हॉटेलात पोचवणं, मार्गाच्या जीपीएस फाइली आणि अडीअडचणीला एक फोन नंबर, या सगळ्याचे माणशी ९४० युरो. रोडबाइकचं भाडं वेगळं, १९० युरो. जून २०२४च्या दराने माणशी लाखाच्या थोडं वर गेलं. विमान, व्हिसा आणि पॅरिसची एक रात्र यात धरलेली नाही. गाइड नाही, मागून येणारी गाडी नाही. तुम्ही, सायकल आणि हँडलवरचा नकाशा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा सहली लावून देणाऱ्या छोट्या कंपन्या फ्रान्समध्ये खूप आहेत आणि साधारण हेच देतात. तेव्हा घेताना काय तपासायचं ते कळलं म्हणजे पुरे.

मी नाशिकची, वय ५१, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. सोबत माझी थोरली नणंद, ५८ वर्षांची, वीज मंडळातून निवृत्त. आमच्यात सायकल आधी त्यांनी घेतली, मग मला ओढलं. घरात अजूनही त्यांना ‘वन्सं’ म्हणणारी मी एकटीच, आणि चढावर माझ्या पुढे जाऊन वर थांबणाऱ्या त्या एकट्याच. दोघींनी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे केल्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के, आणि आपल्याकडच्या ब्रेव्हेंना मान्यता देणारासुद्धा पॅरिसचा एक सायकल क्लबच. मजा येते, पण डोळा सतत घड्याळावर. कसारा घाट आला कधी, गेला कधी, कळत नाही. यावेळी घड्याळ नको असं ठरवून निघालो होतो.

फ्रान्समध्ये सायकल म्हटलं की बहुतेक जण ल्वार नदीकाठ सुचवतात. सपाट, सोपा, वाटेत राजवाडे. आम्ही मोर्वाँ घेतलं. बर्गंडीच्या मधोमध ग्रॅनाइटच्या डोंगरांचा, जंगलांचा हा गठ्ठा. १९७० पासून प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे. सगळ्यात उंच जागा ओ-फोलँ, ९०१ मीटर. म्हणजे सप्तशृंगीपेक्षाही खालीच. वन्संनी हा आकडा वाचून "हं" केलं होतं. ते "हं" चौथ्या दिवशी त्यांना परत ऐकवलं.

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून साधी प्रादेशिक गाडी पकडून अवालाँला उतरलो. सायकली तिथेच मिळाल्या. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, २८ मिलिमीटरचे टायर, पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दात, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३२. हे ३२ दात फार महत्त्वाचे, मागे दात जास्त तितका चढ हलका. बुकिंग करताना विचारा आणि २८ सांगितले तर नको म्हणा. देणारा मुलगा नीट होता. सीटची उंची मी मेलवर कळवली होती, ती बरोबर लावून ठेवलेली. पेडल आम्ही घरून नेली होती, तीही त्यानेच बसवून दिली. पण त्याने एक गोष्ट सांगितली नाही, आणि ती सांगायलाच हवी होती. तिकडे पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडे उजव्या. गावाबाहेरच्या पहिल्याच उतारावर मी सवयीने डावा दाबला आणि मागचं चाक जमीन सोडतंय असं वाटलं. पडले नाही, पण पोटात गोळा आला. त्यांच्या १४ पानी माहितीपुस्तिकेत वाइन कुठली प्यावी यावर अख्खं पान आहे. ब्रेकवर एक ओळ नाही.

आता कौतुक. पैसे कशाचे दिले असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्या मार्गाच्या फायलीचे. ज्याने कोणी हा मार्ग आखलाय तो स्वतः सायकलवरून हिंडलाय, कॉम्प्युटरवर रेघ ओढलेली नाही. अवालाँहून वेझलेला जायला मोठा रस्ता आहे, पण फाइल तुम्हाला लगेच खाली कुझँ नदीच्या दरीत उतरवते. जुन्या पाणचक्क्या, दगडी पूल, डोक्यावर झाडांची कमान, आणि हँडलपासून हातभर अंतरावर पाणी. पुढे सगळे ‘डी’ रस्ते, म्हणजे जिल्ह्याचे. कडेला पांढरे मैलाचे दगड, त्यांना पिवळी टोपी. लाल टोपी दिसली की समजायचं राष्ट्रीय महामार्ग आला. पाच दिवसांत लाल टोपी आम्ही फक्त ओलांडताना पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाड्या मोजल्या (गणिताची बाई, खोड जात नाही): नऊ ते अकरा, दोन तासांत सात. त्यातली एक पोस्टाची पिवळी व्हॅन, तीच दोनदा. मागून येणारा वळणावर गप्प थांबतो, हॉर्न देत नाही, आणि ओलांडताना पलीकडच्या लेनमध्ये जाऊन ओलांडतो. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर हा तिकडे कायदा आहे. पहिल्या दिवशी मागे गाडी थांबलेली कळली की मीच ओशाळून कडेला व्हायचे.

रस्त्याचा पृष्ठभाग मात्र फोटोत दिसतो तितका लोण्यासारखा नाही. डांबरावर बारीक खडी दाबलेली असते, त्यामुळे चाक जरा धरून ठेवल्यासारखं होतं. सपाटीवर नाशिकला सहज २६चा वेग येतो, तिथे २३. आणि ‘ग्राव्हियाँ’ अशी पाटी दिसली की ब्रेकवर बोटं ठेवा. नुकतीच टाकलेली सुटी खडी असते, वळणावर हमखास.

काही गावांच्या नावाच्या पाट्या उलट्या टांगलेल्या होत्या. आधी वाटलं पोरांचा उपद्व्याप. मग कळलं की २०२३च्या शेवटी शेतकऱ्यांनी निषेध म्हणून देशभर पाट्या उलट्या केल्या होत्या: सगळा कारभार डोक्यावर चाललाय, म्हणून पाटीही डोक्यावर. आमच्या कांदेवाल्यांना ही युक्ती सुचली नाही याचं वन्संना वाईट वाटलं.

वेझलेबद्दल फार लिहीत नाही. टेकडीवरचं बाराव्या शतकातलं मोठं चर्च, १९७९ पासून जागतिक वारसा, स्पेनच्या सांतियागोला पायी जाणाऱ्यांची वारी इथून निघते. जागा सुंदर आहे, पण बसेस आहेत, फ्रिजवर चिकटवायची चुंबकं आहेत. आम्ही पाऊण तासात उतरलो. त्यापेक्षा संध्याकाळच्या मुक्कामाचं कारे-ले-टोंब मला जास्त आवडलं. तिथे गावातल्या चर्चभोवती दगडी शवपेट्या आणि त्यांची झाकणं नुसती मांडून ठेवलीत, शंभराहून जास्त. इतक्या पेट्या तिथे का, यावर गावात वाद आहेत. मुलं त्यांच्यावर बसून आइस्क्रीम खात होती.

त्या पहिल्याच दिवशी दुपारी उपाशी राहायची वेळ आली, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. पुस्तिकेत ‘वाटेत गावातील दुकानात जेवण’ असं बेधडक लिहिलंय. आम्ही सव्वा वाजता पोचलो. दुकान साडेबारा ते तीन बंद. पुढच्या गावात बेकरी होती, म्हणजे बेकरीची पाटी होती. आत कोणीतरी राहतं, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. त्याच्या पुढच्या गावात काहीच नाही, एक कुत्रा. ही शांतता, जिचे आपण पैसे मोजतो, ती काही आपोआप आलेली नाही. माणसं गेली म्हणून ती आहे. प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा स्तंभ आहे, आणि जिथे आज चार-पाच धुराडी जिवंत दिसतात तिथे त्या दगडावर तीस-तीस नावं कोरलेली. एकाच आडनावाची तीन. तेव्हा जे गेले ते गेले, उरलेले पॅरिसला गेले, मागून बेकरी गेली. सायकलवाल्याला मोकळा रस्ता मिळाला तो असा. हे एवढं नको, पण ‘दुपारचं खाणं सकाळीच बांधून घ्या’ हे एक वाक्य पुस्तिकेत लिहायला काय हरकत होती?

दुसऱ्या दिवसापासून शहाण्या झालो. नाश्त्यालाच पाव घ्यायचा, चीज घ्यायचं. माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी होती, राजगिऱ्याच्या वड्या होत्या. ताज्या कडक पावात कोंते चीज आणि वर लसणीची शेंगदाणा चटणी, हे मी आता घरीही खाते. एका गावात पावाचं मशीन सापडलं, एटीएमसारखं: नाणी टाका, लांब बगेत खाली येते, कोमट. वन्संनी गरज नसताना दोन काढल्या.

पाण्याचंही तसंच. वाटेत हॉटेलं नाहीत, पेट्रोल पंप नाहीत. मग आठवलं, ब्रेव्हेवाले म्हणतात तिकडे पाणी स्मशानात मिळतं. खरंच. प्रत्येक गावाच्या टोकाला दफनभूमी, आणि फुलांच्या कुंड्यांना घालायला म्हणून दाराशी नळ. ‘नाँ पोताब्ल’, म्हणजे पिण्याजोगं नाही, अशी पाटी नसली तर भरून घ्या. पहिल्यांदा वन्सं बाहेरच उभ्या राहिल्या. "स्मशानातलं पाणी पिऊन घरी काय सांगायचं?" तिसऱ्या दिवशी लांबून सरूची झाडं दिसली की त्याच म्हणायच्या, चल, नळ आला.

दुसरा दिवस सगळ्यात भरगच्च. सकाळी सँ-लेजे-व्होबाँ. फ्रान्सचा किल्ले बांधणारा व्होबाँ १६३३ मध्ये इथे जन्मला. आपल्याकडे जसे हिरोजी इंदुलकर. मग जंगलात लपलेला पिएर-की-व्हीरचा मठ, सँ-आन्याँचा तलाव, आणि दुपारी आलिन्यी नावाच्या गावातलं एक छोटं संग्रहालय. पुस्तिकेत त्याला दीड ओळ दिलीय. मी म्हणते, सगळं सोडा पण इथे थांबा. संग्रहालय दायांचं आहे, दूध पाजणाऱ्या दायांचं. एकोणिसाव्या शतकात मोर्वाँच्या बाया पॅरिसच्या श्रीमंतांच्या घरी त्यांची पोरं पाजायला जायच्या. आपलं तान्हं मागे, आजीकडे नाहीतर शेजारणीकडे, आणि आपलं दूध पॅरिसला. वर्ष-दोन वर्षांनी परत यायच्या ते पैसे घेऊन, आणि त्या पैशांतून घरं उभी राहायची. त्या घरांना ‘दुधाची घरं’ म्हणतात. आणि उलट दिशेने पॅरिसची टाकून दिलेली, अनाथ मुलं इथल्या शेतकऱ्यांकडे सांभाळायला यायची. सरकार महिन्याचे पैसे द्यायचं. फोटोंमध्ये त्या बाया कडक इस्त्रीच्या टोप्या, रिबिनी, कुशीत दुसऱ्याचं गुटगुटीत बाळ घेऊन उभ्या आहेत. वन्सं एका फोटोसमोर बराच वेळ थांबल्या. बाहेर आल्यावर सायकलवर बसत म्हणाल्या, "हिच्या स्वतःच्याचा फोटो कुठंय?" त्यानंतर दगडी, दोन मजली, जरा बऱ्यापैकी घर दिसलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

मुक्काम सेताँ तलावावर. हॉटेल जुनं, जिने करकरणारे, गाद्या मऊ. हा तलाव नैसर्गिक नाही, एकोणिसाव्या शतकातलं धरण आहे, आणि बांधलं ते लाकडासाठी. सोळाव्या शतकापासून पॅरिसच्या चुली आणि शेकोट्या मोर्वाँच्या सरपणावर चालायच्या. तोडलेल्या ओंडक्यांवर मालकाची खूण ठोकायची, ओढ्यात सोडायचे, वरून साठवलेलं पाणी एकदम सोडून ते खाली ढकलायचे. पुढे योन नदीवर त्यांचे तराफे बांधून थेट पॅरिस. खालच्या क्यूर नदीला हवा तेव्हा लोंढा मिळावा म्हणून हे धरण. कोळसा आला आणि हा धंदा बसला. आता तिथे पायाने चालवायच्या होड्या भाड्याने मिळतात.

जंगल म्हणजे सगळं जुनं, राकट असं समजू नका. ओक आणि बीचचं रान आहे तिथे सायकल चालवताना बोलावंसं वाटत नाही, इतकं हिरवं आणि थंड; जूनमध्ये सकाळी ११ अंश होते, हातमोजे लागले. पण मैल-मैल डग्लस फरची लागवडही आहे, एका उंचीची, एका रांगेत, खाली गवताचं पातं नाही. मध्येच अख्खा डोंगर साफ तोडलेला. तिथे ऊन एकदम अंगावर येतं आणि वाराही. या सरसकट तोडीवरून तिकडे चांगलीच भांडणं चालू आहेत. ख्रिसमसची झाडंही इथे शेतात पिकवतात. कमरेएवढी, ओळीत लावलेली, टेकडीच्या उतारावर. लांबून मला निफाडची द्राक्षबाग वाटली. उरलेल्या हिरवळीवर शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई. खिल्लारसारख्या पांढऱ्या, पण अंगाने दुप्पट, आणि शिंगांचा रुबाब नाही.

तिसरा दिवस पावसात गेला. शातो-शिनाँ गाठलं, मोजे वाळवले, संपलं. (मितराँ १९५९ पासून राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत या गावाचे नगराध्यक्ष होते. चौकातलं कारंजं रंगीत, हलणारं, सर्कशीतलं वाटावं असं आहे.)

आता ट्यूबची गोष्ट. चौथा दिवस, रविवार ९ जून. ओ-फोलँचा चढ लांब, सावलीचा, सारखा ६-७ टक्क्यांचा. वन्संचं "हं" मी इथेच परत केलं. उतारावर माझं मागचं चाक बसलं. कंपनीने दिलेल्या पिशवीत नवी ट्यूब होती, ती काढली, आणि व्हॉल्व्ह रिममधून जेमतेम डोकावला. रिम खोल, व्हॉल्व्ह आखूड. पंप लागणारच नाही. वन्संच्या पिशवीतलीही तशीच. अडचणीच्या नंबरवर फोन केला. रविवार, साडेबारा. वाजला, वाजला, थांबला. तीनदा. माणशी ९४० युरोंत हा नंबरही होता, म्हणून मी याचे गुण कापते.

सुदैवाने नाशिकहून पंक्चरचं सामान नेलं होतं. सॉलिशन, पॅच, घासायला पॉलिश पेपर. बाटलीतलं पाणी ओतून बुडबुडा शोधला आणि रस्त्याकडेला मांडी घालून पंक्चर काढलं. पण हातपंपाने टायर पुरेसा कडक होईना. तीन किलोमीटर पुढच्या गावात हळूहळू गेलो. गावात अख्ख्या रविवारी एकच दार उघडं, मेरीचं, म्हणजे ग्रामपंचायतीचं. आत टेबलामागे चार वयस्कर माणसं, समोर पारदर्शक पेटी. युरोपीय संसदेचं मतदान चालू होतं. कॉलेजात दोन वर्षं शिकलेल्या फ्रेंचमध्ये मी ‘पंप’ आणि ‘कृपया’ एवढं म्हटलं. एक आजोबा उठले, घरी गेले, उभा फ्लोअर पंप घेऊन आले. मी हवा भरत असताना टेबलावरच्या बाईंचं लक्ष वन्संच्या डाव्या तर्जनीकडे गेलं. २० मेला नाशिकला मतदान करून आम्ही निघालो होतो. नखावर शाई अजून होती. वन्संनी बोट वर करून दाखवलं आणि मराठीतच सांगितलं, "मतदान. आमच्याकडे." बाईंना कळलं. पुढचा मतदार आला, त्याने लिफाफा टाकला, बाईंनी मोठ्याने "आ व्होते", म्हणजे मत दिलं, असं पुकारलं, आणि मग आमच्या बोटांकडे हात करून परत एकदा "आ व्होते". सगळे हसले. आजोबांनी माझा टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि पंप अजून दहा वेळा मारला.

त्या रात्री जेवण पाऊण तास उशिरा आलं. हॉटेलचे मालक-मालकीण टीव्हीसमोर उभे होते. निकाल लागले होते आणि राष्ट्राध्यक्ष मॅक्राँनी फ्रान्सच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह विसर्जित केलं होतं. याचे गुण कापत नाही.

जेवणाचंच सांगायचं तर, शाकाहारी असल्याचं आम्ही दोनदा कळवलं होतं. पहिल्या रात्री सॅलड आलं, त्यावर डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे. त्यांच्या लेखी ते मांस नसून फोडणी असावी. ‘लार्दाँ नको’ असं वेगळं सांगा. दुसरीकडे सफरचंदाचे जाड धिरडे मिळाले, क्रापियो म्हणतात, ते फर्मास. चीज घालून फुगवलेल्या गुझेर तर मी मोजल्याच नाहीत. बॅगा प्रत्येक दिवशी आमच्या आधी पोचलेल्या होत्या, कोरड्या. हॉटेलं साधी, स्वच्छ, सायकलींना कुलपाची खोली सगळीकडे.

शेवटचा दिवस सोमवार, म्हणजे उघडं असलेलं दुकानही बंद. आमच्याकडे दोन दिवसांचा पाव होता. सकाळी ब्योव्रे डोंगरावर गेलो. वर बिब्राक्त, गॉल लोकांचं, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्यांचं, तटबंदीचं गाव. इसवी सनपूर्व ५२ मध्ये जवळजवळ सगळ्या टोळ्यांनी मिळून रोमच्या सीझरविरुद्ध व्हेर्सँजेतोरीक्सला सेनापती केलं ते इथे. आज वर उत्खननाचे चर आणि जुने बीच वृक्ष आहेत. कधीकाळी कुंपणासाठी वाकवून विणलेले, मग सोडून दिलेले, त्यामुळे खोडं आडवी, वेटोळी वाढलेली. वन्सं तिथून हलायला तयार नव्हत्या. मग ओतँपर्यंत बराचसा उतार.

ओतँला सायकली घ्यायला दुसराच माणूस आला. त्याने माझ्या फ्रेमवरचा ओरखडा दाखवून अनामतीतून ४५ युरो कापायचं म्हटलं. मी अवालाँला पहिल्याच दिवशी काढलेला फोटो दाखवला, ओरखडा त्यात होता. विषय संपला. तुम्हीही फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. ट्यूबबद्दल मेल केला तेव्हा आठवड्याने माफीचं उत्तर आलं, भाड्यातले ३८ युरो परत आले, आणि पुढच्या वर्षीच्या सायकलींना लांब व्हॉल्व्हच्या ट्यूबा ठेवू असं लिहिलं. ब्रेकबद्दल आणि जेवणाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर अवाक्षर नाही.

पाचपैकी पावणेचार. मार्गाला मी पाच दिले असते. ऑक्टोबरमध्ये बीचची पानं तांबूस होतात म्हणून वन्संनी परत चौकशी करायला सांगितलीय, तेव्हा मी कंपनीला फक्त मार्ग आणि बॅगांचे पैसे किती होतील ते विचारलंय. ६० मिलिमीटर व्हॉल्व्हच्या दोन ट्यूबा कॉलेज रोडच्या दुकानातून आणून ठेवल्यात.